पिल्लू, तलंग आणि जुनी कोंबडी: वयानुसार खाद्य कसे ठरवावे

महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमातून लाभार्थ्यांना पक्षी दोन वयांत मिळतात. कोणाला एक दिवस वयाची १०० पिल्ले मिळतात, तर कोणाला ८ ते १० आठवडे वयाच्या तलंगांच्या (वाढत्या, अजून अंड्यावर न आलेल्या पक्ष्यांच्या) २५ माद्या आणि ३ नर. एकाच गावातील असे दोन लाभार्थी पुष्कळदा एकाच दुकानातून एकच पोते आणून दोघे मिळून वापरतात, आणि पुढे एकाची पिल्ले का खुरटली व दुसऱ्याच्या तलंगा चरबीने जड होऊन अंड्यावर उशिरा का आल्या, हे दोघांनाही कळत नाही. एकच मका आणि एकच सोयाबीन पेंड दोन दिवसांच्या पिल्लाच्या पोटात वेगळ्या प्रकारे वापरली जाते आणि साठ आठवड्यांच्या कोंबडीच्या पोटात वेगळ्या प्रकारे. पचनाची ताकद, अंगातील उष्णता राखण्याची क्षमता, मिळालेली ऊर्जा मांसात जाते की चरबीत की अंड्यात, आणि हाडांतील कॅल्शियमची देवघेव ही सगळी वयाबरोबर बदलत जाते. नव्याने कोंबडीपालन सुरू करणाऱ्याने प्रत्येक वयात नेमके काय करावे आणि त्यामागील कारण काय, हे येथे क्रमाने मांडले आहे.

आधी तारीख लिहा आणि वजनकाटा आणा

खाद्याची निवड करण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर पिल्ले उबवणीतून बाहेर आल्याची तारीख लिहावी. शेडमध्ये आल्याची तारीख पुरेशी नाही, कारण तलंगा आणल्या असतील तर त्यांचे खरे वय त्या तारखेवरून समजत नाही. त्यानंतर आठवड्यातील एक वार ठरवून, त्या दिवशी सकाळी खाद्य टाकण्यापूर्वी, दर शंभर पक्ष्यांमागे किमान दहा पक्षी एकेक करून तोलावेत. निवडून धष्टपुष्ट पक्षी पकडण्याचा मोह टाळावा. शेडच्या एका कोपऱ्यात फळी लावून जे पक्षी आत सापडतील ते सगळे तोलावेत, म्हणजे सरासरी खरी येते.

सरासरीबरोबरच पक्षी एकमेकांशी किती सारखे आहेत हेही पाहावे लागते. तलंगांची सरासरी ९०० ग्रॅम आली, तर ८१० ते ९९० ग्रॅम या दहा टक्क्यांच्या पट्ट्यात निदान ८० टक्के पक्षी बसले पाहिजेत. बसत नसतील, तर वहीत वय एकच असले तरी शरीराच्या दृष्टीने कळपात दोन-तीन वयांचे पक्षी आहेत असे समजावे आणि हलक्या पक्ष्यांना वेगळे करून त्यांना आधीच्या टप्प्याचे खाद्य आणखी आठवडाभर द्यावे. पुढील सर्व सूचनांमध्ये जेथे वय सांगितले आहे, तेथे त्या जातीच्या पुस्तिकेत त्या वयासाठी दिलेले वजनही गाठलेले आहे असे गृहीत धरलेले आहे.

ऊर्जेचा हिशेब एकदा स्वतः करून पाहा

खाद्यातील जी ऊर्जा पक्ष्याच्या शरीराला प्रत्यक्ष वापरता येते तिला चयापचयक्षम ऊर्जा म्हणतात आणि ती किलोकॅलरीत मोजतात. या ऊर्जेतून सर्वांत आधी जिवंत राहण्याचा खर्च भागतो: श्वासोच्छ्वास, रक्ताभिसरण, अंगाची ऊब, हालचाल. उरलेल्या ऊर्जेतून वाढ किंवा अंडी होतात. जिवंत राहण्याचा हा खर्च वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. १०० ग्रॅमच्या पिल्लापासून २ किलोच्या पक्ष्यापर्यंत वजन २० पट होते, पण हा खर्च साधारण साडेनऊ पटच होतो. म्हणजे किलोमागे पाहिले तर लहान पक्षी मोठ्याच्या दुप्पट खर्च करतो, आणि म्हणूनच त्याला थोड्या वेळाच्या उपासाचाही मोठा फटका बसतो.

अंड्यावरील कोंबडीचा हिशेब असा. दीड किलो वजनाची कोंबडी, शेडमधील तापमान २५ अंश आणि रोज ५५ ग्रॅमचे एक अंडे असे धरले, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार जगण्यासाठी सुमारे १६८ आणि अंड्यासाठी सुमारे ११४, अशा एकूण २८२ किलोकॅलरी दररोज लागतात. किलोला २,६०० किलोकॅलरी असलेले खाद्य दिले, तर ही गरज सुमारे १०८ ग्रॅम खाद्यातून भागते. याच कोंबडीचे वय वाढून वजन १.७ किलो झाले आणि ती शंभर दिवसांत साठ-साठ ग्रॅमची सत्तरच अंडी देऊ लागली, तर तिची रोजची गरज २७२ किलोकॅलरी येते. खाद्य जेमतेम चार ग्रॅमने कमी झाले, अंडी मात्र शंभरातील तीस गेली. जुन्या कोंबड्या खाद्य तितकेच का खातात याचे उत्तर या आकड्यांत आहे. त्यांच्यात कोणताही दोष शिरलेला नसतो.

पहिले तीन दिवस: ऊब, पाणी, मग खाद्य

उबवणीतून बाहेर आलेल्या चाळीसएक ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात सुमारे पाच ग्रॅम बलक शिल्लक असतो. त्यात चरबी, प्रथिने आणि आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात, आणि चार-पाच दिवसांत तो शोषला जातो. पिल्लू दोन दिवस उपाशी राहू शकते असे म्हटले जाते ते या शिदोरीमुळे. त्यावरून पिल्लांना खाद्य उशिरा दिले तरी चालते असा निष्कर्ष काढणे मात्र घातक आहे. लवकर खाऊ लागलेल्या पिल्लात बलक उलट अधिक वेगाने शोषला जातो, कारण खाद्यामुळे आतडे हलू लागते आणि बलक आतड्यात उतरतो. शिवाय पहिल्या आठवड्यात लहान आतडे बाकीच्या शरीरापेक्षा कितीतरी वेगाने वाढते. त्या वाढीसाठी आतड्यात प्रत्यक्ष अन्न असावे लागते. त्या दिवसांत राहून गेलेली वाढ नंतर चांगले खाद्य देऊनही पूर्णपणे भरून निघत नाही.

या वयात पिल्लाला स्वतःचे तापमान राखता येत नाही. अंगावर लव असते, पिसे नसतात, आणि उष्णता निर्माण करण्याची यंत्रणा अपुरी असते. मोठ्या कोंबडीचे अंग ४१ अंशांच्या पुढे असते, तर नवजात पिल्लाचे त्याहून अंशभर कमी असते आणि जमीन थंड असेल तर झपाट्याने खाली येते. गारठलेले पिल्लू खात नाही, आणि खाल्ले तरी त्या खाद्याची ऊर्जा वाढीऐवजी ऊब टिकवण्यात जाते. त्यामुळे पिल्ले येण्याच्या आदल्या दिवसापासून ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारे साधन, सुरू करून भाताच्या तुसाची गादी तापवून ठेवावी, आणि पिल्लांच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश तापमान राखावे. थर्मामीटर छताजवळ टांगून काही कळत नाही. पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावून पाहावेत. थंड लागले तर गादी थंड आहे. पिल्ले ब्रूडरखाली गोळा झाली तर ऊब कमी आणि चोच उघडून कडेला सरकली तर ऊब जास्त आहे, ही खूण जुन्या पालकांची आहे आणि आजही तितकीच विश्वासार्ह आहे.

पिल्ले आल्यावर आधी स्वच्छ, कोमट पाणी द्यावे. प्रवासात पिल्लाच्या अंगातील पाणी उडालेले असते आणि पाण्यावाचून पचन सुरू होत नाही. पाणी प्यायल्यावर लगेच गादीवर कागद अंथरून त्यावर बारीक दाण्याचे खाद्य पसरावे, कारण पिल्लू पायाखालचे टिपत शिकते आणि खोल भांडे त्याला समजत नाही. चोवीस तासांनी वीस-तीस पिल्ले हातात घेऊन गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपावी. ती भरलेली आणि मऊ लागली, तर पिल्लू खाते आणि पिते. कडक लागली, तर खाल्ले पण पाणी कमी पडले. रिकामी लागली, तर ऊब किंवा प्रकाश किंवा भांड्यांची संख्या यांपैकी काहीतरी चुकले. शंभरातील पंच्याण्णव पिल्लांची पिशवी भरलेली असली पाहिजे. माझ्या मते साऱ्या पालनकाळात यापेक्षा महत्त्वाची तपासणी दुसरी नाही, आणि तिला एक पैसा लागत नाही.

दहाव्या दिवसापर्यंत: पचायला हलके ते द्या

पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात पिल्लाला स्टार्च बऱ्यापैकी पचतो, चरबी मात्र नीट पचत नाही. चरबी पचण्यासाठी स्वादुपिंडातील लायपेज हा पाचक घटक आणि यकृतातील पित्तक्षार दोन्ही लागतात, आणि या वयात दोन्हींचा पुरवठा कमी असतो. त्यातही सोयाबीन तेलासारखे पातळ तेल त्यातल्या त्यात पचते. घट्ट गोठणारी जनावरांची चरबी बहुतेक विष्ठेतून बाहेर पडते आणि गादी चिकट करते. म्हणून खाद्यात तेल घालून ऊर्जेचा आकडा वाढवला, तरी तो आकडा कागदावरच राहतो. त्याच खाद्यातून मोठ्या पक्ष्याला जितकी ऊर्जा मिळते तितकी पिल्लाला मिळत नाही.

भाताचा कोंडा आणि गव्हाचा भुसा यांचेही असेच आहे. तंतुमय भागावर जंतूंची प्रक्रिया मोठ्या आतड्याजवळच्या दोन आंधळ्या पिशव्यांमध्ये होते, आणि पिल्लात त्या पिशव्यांतील जंतुसृष्टी अजून वसलेली नसते. कोंड्यातील फॉस्फरसचा मोठा भाग फायटेट या स्वरूपात अडकलेला असतो, तोही पिल्लाच्या उपयोगी फारसा पडत नाही. घरी भरडा करणाऱ्यांनी या दहा दिवसांपुरता तरी कोंडा वापरू नये आणि पिल्लांचे तयार खाद्य विकत आणावे. शंभर मांसल (मांसासाठी वाढवायच्या, म्हणजे ब्रॉयलर) पिल्लांना पहिल्या आठवड्यात पंधरा-सोळा किलोच खाद्य लागते. एवढ्या खर्चात बचत करून पुढच्या पाच आठवड्यांचे नुकसान ओढवून घेणे शहाणपणाचे नाही.

मांसल पिल्लाचे वजन पहिल्या सात दिवसांत चौपटीहून अधिक होते. ही वाढ मुख्यतः आतडे, यकृत, हाडे आणि स्नायू यांची असते, म्हणजे प्रथिनांची असते. त्यामुळे या वयाच्या खाद्यात २२ ते २३ टक्के प्रथिने लागतात आणि त्यांतही लायसिन व मेथिओनिन ही अमिनो आम्ले भरपूर लागतात. प्रथिने केवळ आकड्याने भरून चालत नाही. कोंबडीच्या शरीरात जास्तीच्या नायट्रोजनचे युरिक आम्ल होते आणि ते बनवतानाही ऊर्जा व ग्लायसिन खर्ची पडते, म्हणून निकृष्ट पेंड घालून टक्केवारी वाढवलेले खाद्य पिल्लावर उलट ओझे टाकते. विष्ठेवरील पांढरा भाग म्हणजे हेच युरिक आम्ल.

येथे बुरशीचा इशारा देणे आवश्यक आहे. पावसाळ्यात काढलेला, नीट न वाळलेला मका साठवला की त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तयार होते. ते यकृतावर घाव घालते आणि लायपेज व पित्त आधीच अपुरे असलेल्या वयात चरबीचे पचन आणखी खाली आणते. मोठ्या पक्ष्यांपेक्षा पिल्ले या विषाला कितीतरी अधिक संवेदनशील असतात. बुरशीचा वास येणारा मका मोठ्या पक्ष्यांनाही देऊ नये, पण पिल्लांच्या बाबतीत नुसती शंका आली तरी तो मका बाजूला ठेवावा.

तिसऱ्या आठवड्यापासून मांसल पक्ष्यांचे खाद्य

दोन ते तीन आठवड्यांत पिसे येतात, अंगाची ऊब पक्षी स्वतः राखू लागतो आणि ब्रूडरचे तापमान दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी उतरवता येते. चरबीचे पचनही आता सुधारलेले असते, म्हणून खाद्यात तेल वाढवण्याची खरी वेळ हीच आहे. भारतीय मानक ब्युरोच्या मांसल पक्ष्यांच्या खाद्याच्या मानकात हाच क्रम दिसतो: सुरुवातीच्या टप्प्यात २३ टक्के प्रथिने आणि ३,००० किलोकॅलरी, मधल्या टप्प्यात २२ टक्के आणि ३,१००, तर शेवटच्या टप्प्यात २० टक्के आणि ३,२०० किलोकॅलरी.

प्रथिनांची टक्केवारी खाली का येते, हे नीट समजून घ्यावे. पक्ष्याला रोज लागणारी प्रथिने ग्रॅममध्ये वाढतच जातात. मात्र त्याचे रोजचे खाणे त्याहून अधिक वेगाने वाढते, आणि ऊर्जेचा वाढता वाटा जगण्याच्या खर्चाकडे व चरबी साठवण्याकडे वळतो. स्नायूच्या वाढीत निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते, म्हणून एक ग्रॅम मांस स्वस्तात तयार होते. चरबीबरोबर पाणी जवळजवळ नसते, म्हणून एक ग्रॅम चरबीला कितीतरी जास्त ऊर्जा लागते. पहिल्या आठवड्यात एक किलो वाढीला किलोभर खाद्य पुरते, आणि सहाव्या आठवड्यात तेवढ्याच वाढीला दोन किलोंच्या आसपास खाद्य लागते, त्यामागे हीच दोन कारणे आहेत. विक्री चार दिवस पुढे ढकलण्यापूर्वी त्या चार दिवसांच्या वाढीचा खाद्यखर्च वेगळा काढून पाहावा. पूर्ण बॅचची सरासरी पाहिली तर हा तोटा दिसत नाही.

उन्हाळ्यात वयाचा परिणाम उलटा दिसतो. मराठवाड्यात आणि विदर्भात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा आठ दिवसांचे पिल्लू सहसा तग धरते, पण दोन किलोचा पक्षी मान टाकतो. मोठ्या शरीरात खाद्याच्या पचनातून निर्माण होणारी उष्णता जास्त असते आणि ती बाहेर टाकायला त्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग कमी असतो. खाल्ल्यानंतर काही तासांनी ही उष्णता शिगेला पोहोचते, म्हणून चार आठवड्यांपुढील पक्ष्यांचे खाद्य सकाळी दहाच्या सुमारास काढून घ्यावे आणि ऊन उतरल्यावर पुन्हा द्यावे. पाणी मात्र क्षणभरही बंद करू नये.

तलंगांचे आठवडे: पोट भरू द्या, चरबी होऊ देऊ नका

अंड्यासाठी वाढवायच्या पक्ष्यांत सहा ते सोळा आठवड्यांचा काळ शांत दिसतो आणि म्हणून दुर्लक्षित राहतो. प्रत्यक्षात बाराव्या-तेराव्या आठवड्यापर्यंत सांगाड्याची बहुतेक वाढ पूर्ण होते. त्यानंतर खाद्य कितीही सुधारले तरी हाडांची चौकट मोठी होत नाही. वाढते ती चरबी. म्हणून सहा आठवड्यांपर्यंत वजन गाठलेले असणे आणि बारा आठवड्यांपर्यंत पक्षी मापात असणे, या दोन गोष्टींची खात्री वहीतील आकड्यांवरून करावी.

या टप्प्याच्या खाद्यात सुमारे १६ टक्के प्रथिने आणि किलोला २,५०० किलोकॅलरी एवढी कमी ऊर्जा ठेवतात. आता कोंडा उपयोगी पडतो. तंतुमय, थोडे जाड भरडलेले खाद्य दिल्याने दळणारे पोट मजबूत होते, अन्नपिशवी मोठी होते आणि पुढे अंड्याच्या भरात शंभरावर ग्रॅम खाद्य रोज खाण्याची सवय लागते. वनराजा आणि गिरिराज यांसारख्या जड जातींच्या माद्यांना मात्र पोटभर खाद्य आणि शिवाय परसातील चारा-किडे असे दोन्ही मिळाले, तर त्या लवकर चरबी धरतात आणि अंडी कमी देतात. अशा माद्यांना दिवसा मोकळे चरू द्यावे, संध्याकाळी मोजून खाद्य द्यावे आणि साप्ताहिक वजनानुसार ते कमी-जास्त करावे.

पहिल्या अंड्याआधीचे दोन आठवडे

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. पहिले अंडे येण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी तलंगेच्या शरीरात इस्ट्रोजेन हे मादीचे संप्रेरक वाढते आणि एकाच वेळी तीन बदल घडतात. यकृत मोठे होते आणि बलकाची चरबी व प्रथिने तयार करू लागते. कोंबडीच्या अंगातील चरबी मुख्यतः यकृतातच बनते, हे पुढे जुन्या कोंबडीच्या संदर्भात पुन्हा येईल. अंडनलिका वाढून अनेक पट जड होते. आणि पायांच्या लांब हाडांच्या पोकळीत एक नवे, ठिसूळ, कॅल्शियमने भरलेले हाड तयार होऊ लागते, ज्याला मज्जास्थी म्हणतात. या हाडाचा भार पेलण्याशी काही संबंध नाही. ती कवचासाठी ठेवलेली कॅल्शियमची कोठी आहे.

कोठीची गरज का पडते ते असे. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमांहून थोडे अधिक कॅल्शियम असते. कवच बनायला सुमारे वीस तास लागतात आणि त्यातील मोठा भाग रात्री, कोंबडी काही खात नसताना, बनतो. रात्री आतड्यातून येणारे कॅल्शियम कमी पडले की मज्जास्थी विरघळते आणि सकाळी ती पुन्हा भरली जाते. ही कोठी पहिल्या अंड्याआधी भरलेली नसेल, तर कोंबडी भार पेलणाऱ्या हाडांतून कॅल्शियम काढते; त्याचे फळ तीस-चाळीस आठवड्यांनी लंगड्या पायांच्या आणि सहज मोडणाऱ्या हाडांच्या रूपात दिसते, आणि तेव्हा कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून तुरा लाल होऊ लागला, पाठीवर हात ठेवताच तलंग खाली बसू लागली आणि मागील बाजूची दोन हाडे बोटांना दूर झालेली लागली, की खाद्यातील कॅल्शियम एक टक्क्याच्या आतून दोन टक्क्यांवर न्यावे. पहिली अंडी दिसू लागल्यावर पूर्ण लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरील कोंबडीचे खाद्य, सुरू करावे. अंडे लवकर यावे म्हणून बाराव्या आठवड्यापासूनच लेअर खाद्य देणारे पालक मी पाहिले आहेत, आणि ही चूक उशिरापेक्षाही वाईट आहे. त्या वयात कवच बनत नसल्यामुळे साडेतीन-चार टक्के कॅल्शियम मूत्रपिंडांतून बाहेर टाकावे लागते, मूत्रपिंडे निकामी होतात, आणि मेलेल्या पक्ष्याच्या यकृतावर व हृदयावर खडूसारखा पांढरा थर आढळतो. खाद्य बदलताना प्रत्येक टप्प्यावर जुने व नवे खाद्य चार-पाच दिवस मिसळून द्यावे, कारण आतड्यातील पाचक रसांना नव्या मिश्रणाशी जुळवून घ्यायला तेवढा काळ लागतो.

अंड्यांचा भर

या काळात गरज सर्वांत मोठी असते आणि भूक अजून पूर्ण वाढलेली नसते, म्हणून खाद्य घट्ट लागते: सुमारे १८ टक्के प्रथिने, २,६०० किलोकॅलरी आणि रोज प्रत्येक कोंबडीच्या पोटात चार ग्रॅमांच्या आसपास कॅल्शियम. वर काढलेल्या हिशेबातील १०८ ग्रॅम खाद्यात ३.७ टक्के कॅल्शियम असेल तर हे चार ग्रॅम मिळतात. शेडचे तापमान ३५ अंशांवर गेले तर त्याच सूत्राने ऊर्जेची गरज सुमारे २६ किलोकॅलरींनी घटते, कोंबडी दहा ग्रॅम खाद्य कमी खाते आणि कॅल्शियम साडेतीन ग्रॅमांच्या जवळ येते. उन्हाळ्यात कवच पातळ होण्याचे हे एक कारण झाले. धापा टाकल्याने कवचासाठी लागणारे रक्तातील बायकार्बोनेट कमी होते, हे दुसरे. म्हणून उन्हाळ्यात खाद्यातील प्रथिने आणि कॅल्शियम यांची टक्केवारी थोडी वाढवावी.

पन्नास आठवड्यांनंतर

वय वाढते तसे अंड्याचे वजन वाढते, परंतु एका अंड्यामागे जमा होणारे कवच फारसे वाढत नाही. तेवढेच कवच मोठ्या अंड्यावर पसरते आणि पातळ होते. त्यात भर म्हणजे जुन्या कोंबडीच्या मूत्रपिंडात जीवनसत्त्व ड३ चे क्रियाशील रूप पूर्वीइतक्या सहजतेने तयार होत नाही, आणि आतड्यातून कॅल्शियमचे शोषण मंदावते. यावर तीन उपाय एकत्र करावेत. पहिला, कॅल्शियम चार टक्क्यांच्या थोडे वर न्यावे आणि फॉस्फरस थोडा कमी करावा. दुसरा, त्यातील निम्म्याहून अधिक कॅल्शियम पिठासारख्या भुकटीऐवजी दोन ते चार मिलिमीटरच्या शिंपल्यांच्या किंवा चुनखडीच्या खड्यांच्या रूपात द्यावे, आणि तेही दुपार उलटल्यावर. हे खडे दळणाऱ्या पोटात अडकून राहतात आणि कवच बनण्याच्या रात्रीच्या तासांत सावकाश विरघळतात. तिसरा, मेथिओनिन थोडे आवरते घेऊन अंड्याचा आकार फार वाढू देऊ नये.

दुसरा धोका चरबीचा आहे. अंडी कमी झाली आणि ऊर्जा तीच राहिली, की उरलेली ऊर्जा यकृतात चरबी होऊन साठते. पिंजऱ्यातील, हालचाल कमी असलेल्या, जड कोंबड्या उन्हाळ्यात अचानक मेलेल्या सापडल्या आणि पोट उघडल्यावर पिवळट, तुपकट, रक्त साकळलेले यकृत दिसले, तर कारण बहुधा हेच असते. म्हणूनच भारतीय मानक ब्युरोच्या मानकात उत्तरार्धातील लेअर खाद्यासाठी १६ टक्के प्रथिने आणि २,४०० किलोकॅलरी इतके उतरते प्रमाण दिले आहे. एवढ्या बदलानंतरही दर अंड्यामागचा खाद्यखर्च अंड्याच्या विक्रीभावाला टेकला, तर कळप बदलण्याची वेळ आली असे वहीवरून ठरवावे.

सगळी वये एकाच अंगणात असतील तर

परसातील पालनात पिल्ले, तलंगा, अंड्यावरील कोंबड्या आणि नर एकत्र हिंडतात आणि प्रत्येकासाठी वेगळे पोते परवडत नाही. अशा वेळी पहिले दहा दिवस तरी पिल्ले वेगळी ठेवावीत. खुडूक कोंबडीखाली पिल्ले निघाली असतील तर ऊब देण्याचे काम ती स्वतः करते, परंतु तिच्या चोचीपुढे पिल्लांच्या वाट्याला खाद्य राहत नाही. त्यासाठी डालगे किंवा लाकडी पट्ट्यांची चौकट अशी ठेवावी की पिल्ले आत शिरतील आणि मोठे पक्षी शिरणार नाहीत, आणि पिल्लांचे खाद्य फक्त तिच्यात टाकावे.

बाकीच्या सर्वांना १६ टक्के प्रथिनांचे, एक टक्क्याच्या आत कॅल्शियम असलेले तलंगांचे खाद्य द्यावे. लेअर खाद्य सामायिक ठेवू नये, कारण त्यातील कॅल्शियम तलंगांच्या आणि नरांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. शिंपल्यांचा चुरा स्वतंत्र भांड्यात, पावसापासून आडोसा करून, पिल्लांना पोहोचणार नाही इतक्या उंचीवर कायम भरून ठेवावा. अंडे बनत असलेल्या कोंबडीला कॅल्शियमची वेगळी भूक असते. ती संध्याकाळच्या सुमारास स्वतःहून त्या भांड्याकडे जाते आणि हवे तेवढे टिपते, तर नर आणि तलंगा त्याला क्वचितच तोंड लावतात. पहिल्या आठवड्यात भांडे रिकामे होण्याचा वेग वहीत लिहून ठेवावा. पुढे कधी अंडी तेवढीच असताना भांडे भरलेलेच राहू लागले, तर चुरा ओला होऊन गोळा झाला आहे का, हे आधी पाहावे.